गुरुवारपर्यंत कुणी काही बोलायचं नाही

ओगलाला, नेब्रास्का
मंगळवार, दुपारचे दोन

आदरणीय बंधुराज लॅडदादा यांस,

धाकट्या मायलोचा टोपी काढून, वाकून नमस्कार. (आणखी वाकलो असतो, पण इथल्या फरशीवर ग्रीस आहे आणि माझ्या कंबरेचे हाल तुला ठाऊक आहेत.) अर्डिस वहिनीलाही नमस्कार, आणि तुमच्या त्या बहिऱ्या कुत्र्याच्या पाठीवरून माझ्यातर्फे एकदा हात फिरवणे. तुझा गुडघा कसा आहे? कानातलं यंत्र लावतोस की ड्रॉवरमध्येच ठेवतोस? दाढ काढणार होतास, ती काढलीस का? आता तू म्हणशील, गुडघा झाला, कान झाला, दाढ झाली, मग मधलं पोट तेवढं कसं विसरला हा! विसरलेलो नाही. पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तुझ्या आतड्याचा जो वीतभर तुकडा कापून काढला, तो कशामुळे काढला ते या पत्रात येणार नाही. तेव्हापासून दर सप्टेंबरात ओमाहाला नेऊन तुला त्या मशीनमध्ये सरकवतात. चारदा सरकवून झालं, आणि चारही वेळा काय निघालं तेही मी लिहिणार नाही. परवा गुरुवारी पाचवी खेप. ही पार पडली की पुन्हा तोंड दाखवू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, एवढंच लिहितो आणि पेन उचलतो. बेसबॉलच्या हिशेबाने आठ इनिंग झाल्या आहेत, नववी, म्हणजे शेवटची, सुरू व्हायची आहे. अशा वेळी चेंडू टाकणाऱ्या पिचरशी काय बोलायचं नसतं, हे मी तुला शिकवायला नको.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तुला वाटेल. तर फोनवर माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. 'हॅलो' म्हटल्यावर तिसऱ्या वाक्याला मी नको ते बोलून बसलो असतो. कागदावर लिहिताना निदान खोडता येतं. हे पत्र पोस्टाने येणार नाही, कारण पोस्टाचा भरवसा मी माझ्या ट्रकइतकाच धरतो, आणि ट्रकचं काय झालंय ते पुढे सांगणारच आहे. गुरुवारी सकाळी ते तुला खडूसारखं पांढरं औषध प्यायला देतील, तेव्हा वहिनी हे तुझ्या हातात ठेवील. म्हणजे तू हे वाचतो आहेस याचाच अर्थ मी वेळेवर पोचलो आहे, चारही वर्षं नेलं तसंच तुला माझ्याच जुन्या पिकअपमधून नेलं आहे, तेव्हा पत्र वाचताना माझी काळजी करू नये.

आता ट्रकचं. ऑरेगॉनहून कांदा भरून निघालो तेव्हा आमची एडना (ट्रकचं नाव एडनाच, बायकोने ठेवलंय, आणि बायको सोडून गेली तरी नाव राहिलं) अगदी ठणठणीत होती. इंजिन उत्तम, टायर नवे, ब्रेक असे की रस्त्यावरच्या सशानेही दुवा द्यावा. पण हल्लीच्या ट्रकांत एक कॉम्प्युटर बसवलेला असतो, आणि त्याच्या मनात एकदा शंका शिरली की ती काढायला ब्रह्मदेवही कमी पडेल. धुरात फवारायच्या त्या निळ्या औषधाची टाकी काठोकाठ भरलेली असताना, टाकीतला एक बोटभर सेन्सर कॉम्प्युटरच्या कानाला लागला आणि म्हणाला की टाकीत औषध नसून भलतंच काहीतरी आहे. झालं! काल संध्याकाळी कॉम्प्युटरने एडनाला शिक्षा ठोठावली, ताशी पाच मैल. दादा, चाळीस टनांचा ट्रक ताशी पाच मैलांनी हायवेच्या कडेने चालवणं म्हणजे काय ते तुला कळायचं नाही. ओगलालाच्या फाट्यावर आलो तर एक आजीबाई वॉकर घेऊन कुत्र्याला फिरवत होत्या. त्या माझ्या पुढे गेल्या, वर मागे वळून "रस्ता चुकलास का रे बाळा?" असंही विचारून गेल्या.

गॅरेज ठीकठाक आहे. ड्रायव्हरांसाठी एक खोली आहे, तिच्यात चिकटपट्ट्या लावलेली एक आरामखुर्ची आणि जळक्या वासाची कॉफी. काउंटरवर बर्निता नावाच्या बाई आहेत, वय साठीचं, आवाज सैन्यातला. त्यांनी मला पाहिल्याबरोबर नाकाला रुमाल लावला आणि म्हणाल्या, "तुझा तो कांद्याचा ट्रक जरा लांब लाव बाबा, माझ्या डोळ्यांना पाणी सुटेल." मी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं की बाई, गोणीतल्या कांद्याने कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नसतं. कांदा कापल्याशिवाय रडवत नाही. तीस वर्षं कांदा वाहतोय, आजवर एक थेंब गाळलेला नाही, आणि कांद्याचं नाव सांगून जो रडतो तो दुसऱ्याच कशासाठी तरी रडत असतो. त्यांनी रुमाल खाली घेतला. या विषयात माझ्यापुढे फारसं कुणी बोलत नाही.

मेकॅनिकचं नाव ऑगी. सहा फूट चार इंच, हात फावड्यासारखे, स्वभावाने गाय. पण या गाईने सकाळी सात वाजता पहिली चूक केली. ट्रकखाली डोकावून म्हणाला, "हे काय, अर्ध्या तासाचं काम. नऊच्या आत तू हायवेवर." मी म्हटलं, "ऑगी, आधी कर, मग बोल." पण बोललेलं बोललेलं. साडेआठला नॉर्थ प्लॅटहून सेन्सर आला, तर त्याच्या पिना चार आणि एडनाच्या पाच. दुसरा मागवला. तेव्हा हा शहाणा पुन्हा म्हणाला, "आता काही नाही, जेवायच्या आधी तुला वाटेला लावतो." दहाव्या मिनिटाला टाकीचा बोल्ट त्याच्या पान्यात तुटला, अर्धा आत, अर्धा बाहेर. ऑगी त्या तुकड्याकडे बघतच राहिला. म्हणाला, बावीस वर्षांत असा बोल्ट तुटला नव्हता. मी म्हटलं, बावीस वर्षांत तू असा बोललाही नसशील.

मग मी त्याला, बर्निताबाईंना आणि माझ्यासारख्याच अडकलेल्या एका ड्रायव्हरला (पर्व्हिस, अलाबामाचा, कोंबड्या वाहतो आणि दिवसभर त्याच खातो) खोलीत बसवून नियम समजावला. पर्व्हिसला बेसबॉल ठाऊक होता, पण बर्निताबाईंचं उभं आयुष्य उधळत्या घोड्याबैलांवर बसायच्या रोडिओत गेलेलं, त्यांना मुळापासून सांगावं लागलं. पिचरने सबंध सामन्यात समोरच्या एकाही फलंदाजाला हिट मिळू दिला नाही, म्हणजे चेंडू टोलवून पहिल्या बेसपर्यंत पोचूच दिलं नाही, तर त्यासारखं भाग्य नाही. पिढ्यान्‌पिढ्या खेळणाऱ्या गावांतही ते कुणाच्या वाट्याला येत नाही. आणि ते जुळत आलेलं असताना ते तोंडाने उच्चारायचं नसतं. सहाव्या इनिंगनंतर पिचरशी कुणी बोलत नाही. बाकावर त्याच्या शेजारी बसत नाही. कुणी जागा बदलत नाही, टोपी फिरवत नाही, लघवीला लागली तरी जात नाही. एखाद्याने तोंड उघडलंच तर पुढच्याच चेंडूवर हिट बसतो. बाईंनी विचारलं, "आणि हे खरं कशावरून?" मी छाती पुढे काढून म्हटलं, "बाई, त्याचा जिवंत पुरावा तुमच्यासमोर बसलाय."

आणि मग मी त्यांना तो रविवार सांगितला. तू कपाळाला आठ्या घालू नकोस, एवढी वर्षं झाली, आता तो सांगायला हरकत नाही. शिवाय मी तो फार चांगला सांगतो. आपलं प्लम क्रीक विरुद्ध मिलर्टन, जुलैचा महिना, पत्र्याखाली बसलेल्या लोकांची नुसती भाजी झालेली. तू तेवीस वर्षांचा पिचर, मी फलंदाजामागे बसून तुझे चेंडू झेलणारा एकोणीस वर्षांचा कॅचर. आठ इनिंग, चोवीस गडी, एकाचीही बॅट नीट लागलेली नाही. आई हातात जपमाळ धरून बसली होती, पण ओठ हलवत नव्हती, कारण देवाशी बोलणं हेसुद्धा बोलणंच. फादर हावेल दुसऱ्या टोकाला तोंड फिरवून उभे. तिसऱ्या रांगेत चष्मा लावलेला एक परका माणूस वहीत काहीतरी टिपत होता आणि सगळा गाव मनातल्या मनात समजून चुकला होता की तो लिंकनहून मोठ्या संघासाठी तुला बघायला आलाय. (तो मक्याचं बियाणं विकायला आला होता, हे आपल्याला नंतर कळलं.) तू बाकाच्या कडेला टॉवेल डोक्यावर घेऊन एकटा बसलेला. आणि मी, मूर्खशिरोमणी, पाण्याचा डबा घेऊन तुझ्यापाशी आलो आणि म्हणालो, "दादा, तीनच गडी राहिले, आणि अजून एकही हिट नाही बरं का!"

टॉवेल बाजूला करून तू जे माझ्याकडे पाहिलंस ते आजही आठवलं की मी स्टिअरिंग घट्ट धरतो. नवव्या इनिंगला दोन गडी तू सहज काढलेस. मग आला मिलर्टनचा हार्लन गेबहार्ट, व्यवसायाने प्रेतं पुरणारा, पोट असं की त्याला स्वतःचे बूट दिसत नसत. ईस्टरपासून त्याला एक हिट मिळाला नव्हता. त्याने डोळे मिटून बॅट फिरवली (मी मागे बसलो होतो, मला दिसले मिटलेले), चेंडू दुसऱ्या बेसवरून तरंगत गेला आणि गवतात जाऊन असा निवांत पडला की जणू तिथेच त्याचं घर होतं. सामना आपण चार-शून्य जिंकलो, पण गावातल्या कुणालाही तो जिंकल्यासारखा वाटला नाही. तू सरळ माझ्या अंगावरून चालत गेलास, पिकअपमध्ये बसलास आणि निघून गेलास. मी छातीची ढाल, गुडघ्याच्या ढाली आणि मुखवटा अंगावर घेऊन सहा मैल चालत घरी आलो. पुढे नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस. आई खसखस भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, वाढायची आणि "लॅडला विचार, आणखी हवा का" असं मला सांगायची, मी तुला विचारायचो, आणि तू आईला उत्तर द्यायचास.

गोष्ट संपली तेव्हा ऑगीच्या हातातला पाना तसाच राहिला होता. त्याने फक्त मान डोलावली आणि निघून गेला. त्यानंतर जे झालं ते पाहायला तू हवा होतास, दादा. मी त्या गॅरेजात शिस्त बसवली! ऑगीच्या दहा फुटांत कुणी यायचं नाही. 'किती राहिलं' असं विचारायचं नाही. बर्निताबाईंनी हातातलं पेन हातातच ठेवायचं. मी आरामखुर्चीतून उठायचं नाही (तिच्यातून मला तसंही उठता येत नव्हतं). ऑगीने मुकाट्याने तुटका बोल्ट काढला, मुकाट्याने नवा बसवला, दुसरा सेन्सर आला त्याच्या पिना मुकाट्याने मोजल्या, पाच भरल्या. चार तास त्या गॅरेजात कॉफीच्या मशीनशिवाय कुणी ब्र काढला नाही. बर्निताबाईंनी तर फोनही डोळ्यांनी घेतला असता.

(पुढचं दुपारी साडेतीनला लिहितोय. कागद संपला, म्हणून बाईंनी दुरुस्तीचे कोरे फॉर्म दिलेत. 'गाडीची तक्रार काय' या रकान्यात माझं अक्षर दिसलं तर गोंधळून जाऊ नकोस.)

तीन वाजता ऑगी शेवटचा स्क्रू पिळत होता. आम्ही सगळे दारात श्वास धरून उभे होतो. तेवढ्यात तो पर्व्हिस, ज्याला बेसबॉल ठाऊक होता, ज्याने माझी सबंध गोष्ट डोळे विस्फारून ऐकली होती, तो कोंबडीची तंगडी हलवत पुढे आला आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "अरे झालंच की हे! आता काय बिघडतंय कप्पाळ! दहा मिनिटांत सुटतोस बघ तू!" बर्निताबाईंच्या हातातलं पेन पडलं. ऑगी खाली पडल्यापडल्या डोळे मिटून म्हणाला, "याला कुणीतरी बाहेर न्या रे." मला वाटलं, गेला बुधवार, गेला गुरुवार, लॅडदादाला ओमाहाला दुसरंच कुणी तरी नेणार, आणि चार वर्षं एक गोष्टही न बदलता जे जपलं ते एका कोंबडीवाल्याने घालवलं. ऑगी म्हणाला, किल्ली फिरव. मी फिरवली.

एडना सुरू झाली. पिवळे दिवे विझले, लाल दिवा विझला, कॉम्प्युटरची शंका फिटली. मी गॅरेजाभोवती एक चक्कर मारली, ताशी वीस मैल, पंचवीस, तीस. पर्व्हिस टाळ्या वाजवत होता. बाई हसत होत्या. मी परत येऊन ट्रक उभा केला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिलो, ते चांगली दहा मिनिटं. ऑगीला वाटलं आणखी काही बिघडलं.

तसं बिघडलंच होतं. बोलून काही होत नाही, हे मी आत्ता माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि बोलून काही होत नसेल, तर न बोलूनही काही होत नाही. म्हणजे ही चार वर्षं मी तुला वाटेत हवामानाशिवाय एका शब्दाने काही विचारलं नाही, तोच लाल चौकटीचा शर्ट घातला, त्याच हॉटेलात थांबून तोच ॲपल पाय खाल्ला, वेटिंग रूममध्ये तुझ्यापासून आठ खुर्च्या सोडून बसलो, ते सगळं करून मी काहीच राखलेलं नाही. तुला मात्र आठ खुर्च्या लांब एकट्याला बसवून ठेवलं. दादा, मला भीती वाटत होती, म्हणून मी नियम पाळत होतो. तुलाही वाटत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण पिचरला विचारायचं नसतं.

म्हणून वर जे विचारलं नाही ते आता विचारतो. पोट कसं आहे, दादा? झोप लागते का तुला? चारही वेळा तपासणी चांगली निघाली आहे. घे, लिहिलं.

निघतो. आज रात्री लिंकन, उद्या सकाळी कांदा उतरवून दुपारपर्यंत तुमच्या दारात. वहिनीला वाटेतून फोन करून सांगतो, जेवायला आहे.

तुझा आज्ञाधारक (सन १९८४ चा एक दिवस सोडून) बंधू,
मायलो व्होसिका

ता. क. : बोलून काही होत नसेल तर तो रविवारही माझ्या बोलण्याने गेलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. मग कशाने गेला ते ऐक. मिलर्टनच्या पेट्रोल पंपावरच्या माणसाने मला सकाळीच सांगितलं होतं की गेबहार्टला वेगाचा चेंडू दिसतसुद्धा नाही, हळू वळणारा तेवढा टाकू नका. पण आठ इनिंग तुझे चेंडू झेलून माझा डावा पंजा सुजून पावासारखा झाला होता. एक, फक्त एक चेंडू हळू यावा, असं मला वाटलं. कुठला चेंडू टाकायचा ती खूण कॅचरचीच असते; मी दोन बोटं दाखवली, हळू वळणारा. तू नेहमीसारखी मान डोलावलीस, कारण माझ्या खुणेवर तुझा विश्वास होता. नंतर सगळा गाव म्हणाला, मायलो बोलला म्हणून गेलं, आणि मी ते मुकाट घेतलं. हात दुखला म्हणून कच खाल्ली, असं म्हणवून घेण्यापेक्षा पांढऱ्या पायाचा म्हणवून घेणं मला सोपं गेलं. चाळीस वर्षं ती गोष्ट मी सगळीकडे रंगवून सांगत आलो, ते याच्यासाठी.

दुसरा ता. क. : तरीपण पर्व्हिस बोलूनही एक ट्रक सुरू झाला, म्हणजे ते काही शास्त्र नव्हे. लाल शर्ट घालतो आहे. धुतलेला नाही. ॲपल पायही खायचा आहे. वर 'चांगली निघाली' असं जिथे लिहिलंय, तिथे नजर लागू नये म्हणून वहिनीला लाकडावर तीनदा टकटक करायला सांग, हॉस्पिटलात लाकूड नसेल तर ऑगीने मला एक तुकडा दिलाय, तो पाकिटात आहे.

तिसरा ता. क. : हे एकच मागणं, बाकी सगळं पत्र त्याच्यासाठी. त्या दिवशी तू निघून गेलास तेव्हा मी फलंदाजाच्या जागेपाशी, होम प्लेटवर, मुखवटा हातात धरून उभा होतो. तू बघितलं नाहीस. गुरुवारी तू आत जाशील, बाहेर येशील, मग डॉक्टरीणबाई बोलावतील आणि जे असेल ते सांगतील. नववी इनिंग आहे, हिट बसू शकतो. बसला तरी सरळ दाराकडे चालू लागू नकोस. आधी माझ्याकडे ये. या वेळी आठ खुर्च्या लांब नाही, तुझ्या शेजारच्याच खुर्चीत असेन. आणि माझ्या डोळ्यांत पाणी दिसलं तर काही मनात आणू नकोस, दोन दिवस गोणीतला कांदा वाहिलाय, त्याने येतं.